नकाशावर चढलेली बारव

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, होते. आंबिलीचं मडकं रिकामं होतं, पाहुणे भज्जीचे डबे गाडीत घालून आपापल्या गावाला परततात, आणि मग आमच्या शिवारात करडई फुलायला लागते. करडई म्हणजे आमच्याकडच्या माणसांची सख्खी बहीण. डोक्यावर केशरी-पिवळा थाट, आणि अंगाला हात लावाल तर रक्त. ज्वारी हुरड्याच्या वाटेवर असते, हरभऱ्याच्या पानांवरची आंब पोटऱ्यांना चावते, आणि दुपारचं ऊन असं गोड पडतं की भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्याला संध्याकाळी हलवून बघावं लागतं. तो शिव्या देत उठला की घरच्यांना हायसं वाटतं.

याच दिवसांत आग्या मोहोळाच्या माश्या येतात. कुठून येतात ते कुणालाच ठाऊक नाही. मी बालाघाटाच्या डोंगरातून म्हणतो, जळकोटचे लोक त्या कर्नाटकातून येतात म्हणतात, कारण जळकोटात वाईट काही आलं की ते कर्नाटकातूनच आलेलं असतं. एक माशी केवढी असते? माझ्या हिशेबानं चिमणीएवढी. तुम्ही माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करता हे मला माहीत आहे, म्हणून मी आधीच दुप्पट करून सांगतो. पण निम्मी धरली तरी भ्यावं एवढी ती असतेच. आज सकाळी करडईच्या पट्ट्यावर त्यांचा तो जाड, ओला आवाज ऐकला आणि मी तोंडातली विडी विझवली. या वयात माणूस विडी विझवतो ती खोकल्यानं. मी मात्र दर पौषात, या आवाजानं विझवतो.

माझा धंदा मंडप आणि स्पीकरचा. बेंबळीपासून जळकोटापर्यंत एकही लग्न असं नाही ज्यात माझा आवाज जेवला नाही. "वरपक्षाच्या मंडळींनी पंगतीला बसून घ्यावं" हे वाक्य मी म्हटलं की दोन गावं सोडून तिसऱ्या गावातले लोकही ताटावर बसत. गावात मला कुणी नावानं हाक मारत नाही. भोंगा म्हणतात. महालिंगअप्पा तर भर सभेत म्हणतात. ते आमचे सरपंच, किराणा-भुसाराचे जुने व्यापारी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांनी भोंगा म्हटलं की मी "जी अप्पा" म्हणतो आणि गप्प बसतो. मला गप्प बसवणारा जिल्ह्यात हा एकच माणूस.

आणि मी सांगतोय त्या वर्षी अप्पांना बारव बुजवायची होती.

आमची बारव गावाच्या उगवतीला. काळ्या दगडाची, चौकोनी, पायऱ्या पायऱ्यांनी खाली खाली उतरत जाणारी. वर एक कमान, तळाशी पाण्यालगत एक ओवरी, म्हणजे दोन माणसं मांडी घालून बसतील एवढी दगडी खोली. कुणी बांधली ते कुठं लिहिलेलं नाही. वैशाखात बाहेर कढई तापलेली असायची तेव्हा तिच्या खालच्या पायरीवर पाय ठेवला की दाताला कळ लागायची. तळाला शेवाळाचा हिरवा वास, कबुतरांची फडफड, आणि तुम्ही "ओ" म्हटलं की बारव पण "ओ" म्हणायची, जरा विचार करून. माझा सगळा धंदा मी तिच्याकडूनच शिकलो. लहानपणी मी तिथं जाऊन ओरडत असे आणि माझाच आवाज सरपंचासारखा भारदस्त होऊन परत येई.

मग नळ आले. बारवेत काटेरी बाभूळ आली, फुटके देव आले, प्लॅस्टिक आलं, एक वासरू पडून मेलं. आठवडी बाजाराला जागा पुरेना. बारव बुजवून तिथं बाजाराचे ओटे करायचे, असा विषय प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आला आणि सभेची वाट न बघता मुरमाचे ढीग बारवेच्या काठावर येऊन बसले. अप्पांचं म्हणणं सरळ होतं. "बाजाराच्या दिवशी बाया रस्त्यावर मेथी इकायला बसत्यात, वरून ट्रक जात्यात. त्यांना जागा दिऊ का दगडाला सांभाळू?" याला उत्तर द्यायला मी माझं एवढं मोठं तोंड उघडलं, आणि "जी अप्पा" म्हणालो.

उत्तर घेऊन आली ती तस्लीम. मन्नूभाई बांगडीवाल्याची धाकटी. पंचक्रोशीतल्या बायांच्या मनगटाचं माप बापाच्या बोटांत, आणि पोरगी इतिहास शिकलेली. ती संगणकावर नकाशे करायची. कागदाचे नाहीत, मोबाईलवर उघडायचे, बोटानं फिरायचे. नकाशावर लाल ठिपका. ठिपक्यावर बोट ठेवलं की ती जागा पसरते आणि तुम्ही तिच्या मधोमध उभे. बोट डावीकडं नेलं की मान डावीकडं वळते, वर नेलं की आभाळ दिसतं. पुढच्या ठिपक्यावर बोट ठेवलं की पुढं चालत गेलात. कानात कुणीतरी त्या जागेची गोष्ट सांगतं आणि खाली सोय अशी की तुम्हीही तिथं चार ओळी लिहून किंवा बोलून ठेवाव्यात. नळदुर्ग, परांडा, तेरची जुनी देवळं, असं बरंच लोकांनी आधी करून ठेवलेलं होतं.

"मोठ्यांना सगळे वळखतात, चाचा," ती म्हणाली. "आपल्या बारवेला कोण वळखतंय? सभेच्या आधी तिला नकाशावर चढवायची. लोक दिसले पायजेत तिच्यात. रिकाम्या जागेवर मुरूम टाकायला कुणाचा हात थरथरत नाही."

गोष्ट सांगायचं काम माझ्याकडं आलं. आता मला माईक दिला आणि बारव समोर ठेवली, तर मी काय तिची लांबी-रुंदी सांगणार? मी सांगितलं की या बारवेवर एका राजाचे सात हजार हत्ती एकाच वेळी पाणी प्याले.

तस्लीमनं यंत्र बंद केलं. "चाचा, हत्ती कमी करा."

"पाच हजार."

"ही बारव हाय, समुंदर न्हाय."

"बरं, सातशे. त्याच्या खाली परवडत न्हाय मला."

"कमानीतून हत्तीची सोंड तरी जाती का?"

भाजीच्या पाटीवर होते तशी घासाघीस होऊन शेवटी एक हत्ती ठरला, तोही "म्हणे" लावून. भुयाराच्या बाबतीत मी हटलो नाही. आमच्या बारवेतलं भुयार थेट नळदुर्गाच्या किल्ल्यात निघतं.

"कुणी बघितलं?"

"ज्यानं बघितलं तो तिकडंच राहिला."

ती हसली आणि ते वाक्य तसंच ठेवलं. अजून आहे. नकाशावर आहे, एवढंच सांगतो. बाकीचं ओळीनं येईल.

खरा कारभार तिनं केला तो वेगळाच. येळवशीला माहेरवाशिणी गावात येतात. शेतात कडब्याच्या कोपीपुढं जेवणं झाली, की ही पोरगी फोन घेऊन एकेकीपुढं बसायची. "मावशी, बारवेच्या कंच्या पायरीवर बसायचीस?" बायांना हा प्रश्न जन्मात कुणी विचारलेला नव्हता. आधी लाजल्या, मग थांबेनात. एकीनं सांगितलं, वरून तिसरी पायरी माझी, तिथं दगडाला खळगा हाय, त्यात शिकेकाई वाटायचे. दुसरी म्हणाली, खळगा माझा, तू परटाच्या बाजूची. दोघींचं पोरीबाळींदेखत भांडण लागलं, आणि सासरी जाऊन चाळीस वर्षं झालेल्या त्या बाया एका खळग्यासाठी एकमेकींच्या माहेरावर घसरल्या. एकीनं सांगितलं, लग्न ठरल्याचं मला पाणी भरताना कळलं, घरी कुणी सांगितलंच नव्हतं. तस्लीमनं एकेका पायरीवर एकेकीचा ठिपका लावला. बोट ठेवलं की बाई बोलते.

माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा आलं, की या बारवेचा निकाल करणार कोण? आम्ही. मत आमचं, हात वर करणार आम्ही. आणि त्या पायऱ्या झिजवल्या कुणी? ज्यांची नावं लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात गावाच्या यादीतून निघाली, त्यांनी. बारवेवर सगळ्यात जास्त हक्क असलेल्या माणसांना ग्रामसभेत पाय ठेवायची सोय नव्हती.

आता राहिली होती तळाची ओवरी आणि वरून घ्यायची चित्रं. त्यासाठी सोलापूरहून एक ड्रोनवाला यायचा होता. सभा तोंडावर आलेली, आणि कमानीखाली नेमकं त्याच आठवड्यात आग्या मोहोळ येऊन लटकलेलं. काळं, चकाकतं, खाटेएवढं. लांबून बघितलं तर चामड्याची झूल वाटावी, आणि मग त्या झुलीवरून एकदम लाट सरकायची.

मोहोळाखालून कसं जायचं हे आमच्या गावाला कुणी शिकवायला नको. विडी ओढून जायचं नाही. अगरबत्ती लावायची नाही. डोक्याला तेल नाही, गजरा नाही, काळं घोंगडं नाही, मोठ्यानं बोलणं नाही. त्या दिवशी सगळं पाळलं. मी, जो देवळातही गर्जना करतो, तो मांजरीसारखा चालत होतो. ड्रोनवाला आला, तस्लीम आली, मन्नूभाई आले. आणि पाहुणा गावात आलाय म्हटल्यावर महालिंगअप्पाही आले, शाल, नारळ आणि चार माणसं घेऊन. मी कानात म्हणालो, "अप्पा, तुम्ही तर बारव बुजवणार."

"मग? बुजवायची म्हणून पाव्हण्याला इचारायचं न्हाय का भोंग्या?"

आमच्याकडं मानाच्या पाहुण्याच्या मनगटाला अत्तर लावल्याशिवाय स्वागत पुरं होत नाही. निजामाच्या वेळची रीत; निजाम गेला, रीत राहिली. मन्नूभाईंनी पेटीतून हिन्याची कुपी काढली. अप्पांनी कापसाचा बोळा भिजवून ड्रोनवाल्याच्या दोन्ही मनगटांना घासला, मानेला लावला, उरलेला त्याच्या कानात खोचला. मग तस्लीमच्या ओढणीला बोट पुसलं, "लेकराचं काम फत्ते होऊ दे" म्हणून. मला लावलं, सगळ्यांना लावलं. गुलाबपाणीही शिंपडलं. हे सगळं कुठं? बरोबर कमानीखाली. विडी म्हणजे वास, गजरा म्हणजे वास. पण मान म्हणजेही वास, हे गावातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

तस्लीम कॅमेऱ्याची तीन पायांची तिकाटणी घेऊन तळाशी उतरली. ड्रोनवाल्यानं यंत्र उडवलं. भुंग्यासारखा आवाज करत ते कमानीसमोर गेलं, आणि ती काळी झूल फाटली.

आभाळ वाजलं म्हणतात, तसं झालं. उजेड एकदम कमी झाला. ड्रोनवाला हातातलं यंत्र टाकून पळाला, त्याच्या डोक्याभोवती काळा फेटा बांधल्यासारख्या माश्या. मन्नूभाईंना दोघांनी ओढत नेलं. मी पळालो, माझ्या शरीराकडं बघून कुणी विश्वास ठेवणार नाही, पण त्या दिवशी मला मागं टाकणारा घोडा अजून जन्मायचाय. बारवेजवळच्या अप्पांच्या भुसाराच्या गोदामात शिरून शटर ओढलं. शटरवर बाहेरून गारा पडाव्यात तशा माश्या आपटत होत्या. आत अंधारात तुरीच्या पोत्यांचा वास, आणि सगळ्यांच्या अंगाला हिना.

मग मन्नूभाई म्हणाले, "तस्लीम?"

ती खालीच होती.

मी गोदामाच्या जिन्यानं वर छतावर, म्हणजे माळवदावर गेलो, पोत्याच्या बारदानात डोकं गुंडाळून. तिथून बारवेचं तोंड दिसतं, तळ दिसत नाही. तोंडावर माश्यांचा धूर फिरत होता. माझ्या छातीत हाक भरून आली होती. जन्मभर ज्या आवाजानं लोकांना जेवायला बसवलं, तो आवाज घशाशी येऊन उभा राहिला, आणि तेवढ्यात अप्पांचा हात माझ्या तोंडावर पडला. ते माझ्या मागून वर आले होते.

"वरडू नगं. वरडलास तर त्या खाली उतरत्याल."

मी फोन काढला. अप्पांनी मनगट धरलं. "वाजंल त्यो. तिच्या हातात वाजंल."

खालून कुणीतरी कडबा पेटवायची गोष्ट काढली. अप्पांनी वरूनच हातानं नाही म्हणून सांगितलं. बारवेत धूर तळाला बसतो, तिला बाहेर यायला वाट एकच. म्हणजे करायचं काय, तर काही नाही. बघत बसायचं. आयुष्यात मी पुष्कळ कामं केली, पण असं अवघड काम कधी केलं नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. माझ्या हातातला फोन थरथरला. तस्लीमचा नकाशा उघडला गेला होता. बारवेच्या सगळ्यात खालच्या ठिपक्याखाली एक नवी ओळ उमटली होती.

"मी ओवरीत आहे. फोन करू नका."

तळाला रेंजची एकच काडी मिळते, पण एक ओळ जायला तेवढी पुरते, हे तिला आधीच ठाऊक होतं. मी अप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर-खाली करून वाचलं, आणि जिन्यातून खाली मन्नूभाईंना बोटानं खूण केली: हाय. जिती हाय.

दुसरी ओळ. "ओढणीवर बसल्यात. लई. हातावर पण. मी हलत नाही, फक्त अंगठा."

तिसरी यायला फार वेळ लागला. "चाचा काहीतरी लिहा ना. डोळे मिटले की भीती वाटते."

मला बोलता येतं, लिहिता येत नाही. ज्याच्या तोंडाला कधी लगाम नव्हता त्यानं आता एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, नकाशावरच्या ठिपक्याशी बोलायचं होतं. घाम अक्षरांवर पडत होता. काय लिहू? धीर धर? ती धरूनच बसली होती. मी लिहिलं, "एक हत्ती आला."

खालून आलं, "एकच?"

"तूच कमी केलेस."

"आज वाढवा. जितके येतील तितके."

मग मी हत्ती सोडले. पहिला काळा, त्याच्यामागं त्याची आई. एकाच्या पाठीवर राजा, राजाला पडसं झालेलं. एक हत्ती लंगडा, त्याला उतरताना दोघांनी सोंडेत सोंड घालून धरलेलं. ती मधूनच लिहायची: "मग?" तेवढंच. तो "मग" आला नाही की माळवदावर दोन म्हातारे श्वास धरून बसायचे. एकदा फार वेळ आला नाही. अप्पा माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "पांढरा घाल एक." मी घातला. फोन मुका. "त्याच्यावर एक पोरगी बसव," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. मी बसवली. बऱ्याच वेळानं आलं, "पोरीचं नाव काय?"

अप्पांनी मान फिरवली आणि करडईच्या रानापलीकडं, कर्नाटकाच्या दिशेला बघत राहिले.

ऊन उतरलं, कमानीची सावली लांब झाली. दिवेलागणीच्या आधी माश्यांचा आवाज हळूहळू खाली बसला. गोळे गोळे होऊन त्या कमानीकडं परतल्या. तस्लीम वर आली ती लग्नातल्या नवरीपेक्षा सावकाश. ओढणीवर अजून दहा-वीस माश्या बसलेल्या, एक डोळा सुजून मिटलेला, हाताला टेंगूळ. काठावर आल्यावर तिनं ओढणी हळूच अंगावरून सोडली आणि तिथंच ठेवून पुढं चालत आली. मन्नूभाईंनी तिला मारलं. एकच चापट, खांद्यावर. आणि मग तिच्या बांगड्यांवरून हात फिरवत बसले, एकही फुटली नव्हती.

ड्रोनवाला बरा झाला, पण त्यानं आमच्या गावाचं नाव टाकलं. गावात दोन पक्ष पडले. माश्या अत्तरानं उठल्या म्हणणारे आणि ड्रोननं उठल्या म्हणणारे. त्यांचं भांडण आजही सुटलेलं नाही. दोन सोयरिकी त्यावरून मोडल्या, असं मी सांगत असतो. एका गोष्टीवर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत झालं: बारव माणूस खाणारी हाय, बुजवा.

तस्लीम एका डोळ्यानं नकाशा पुरा करत बसली. तळाशी राहिलेला तिचा कॅमेरा तेवढा वाचला होता. मी तिला म्हटलं, "पोरी, आता नक्को. तुझा बापही नक्को म्हणतोय."

"चावल्या माश्या, चाचा. बारवेनं तर मला आत घेतलं."

मी अप्पांकडं गेलो. माळवदावरची ती दुपार आमच्या दोघांत होती, म्हणून वाटलं जरा पाझर फुटेल. अप्पा तराजू पुसत होते. "पोरगी शूर हाय," ते म्हणाले. "पर इषय पत्रिकेवर हाय. इषय हुणार."

प्रजासत्ताक दिन. झेंडा झाला, पोरांनी कवायत केली, शाळेच्या पटांगणात माझ्याच मंडपात ग्रामसभा बसली. पुढं पुरुष, मागं भिंतीला टेकून थोड्या सुना. जेसीबीचा ड्रायव्हरही येऊन बसला होता, काडीनं दात कोरत. त्याला सभा संपली की लगेच यंत्र चालू करायला सांगितलेलं. पांढऱ्या पडद्यावर तस्लीमनं बारव उघडली. भर उन्हात ती काळी पायरी पायरीनं खाली गेली आणि पटांगणात गारवा आला, अशी माझी तरी खात्री आहे. तिनं बोट ठेवलं, बाया बोलायला लागल्या. शिकेकाईचा खळगा, पाणी भरताना कळलेलं लग्न. मागं भिंतीशी सुना पुढं सरकल्या. पुढं पुरुष मात्र चुळबुळले.

"हे झालं गं. बाजाराचं काय?"

"गोष्टी ऐकून मेथी इकती का?"

कुणाचं चूक नव्हतं, हेच वाईट होतं. तस्लीम नकाशावर खाली खाली उतरत गेली. ग्रामसेवकानं पेन उघडलं. "हात वर करा मंडळी, ठरावाच्या बाजूनं." मी बघितलं, हात उठायला लागले. आधी थोडे, मग बरेच.

"अजून एक ठिपका राह्यलाय," तस्लीम म्हणाली. "सकाळीच आलाय. आळंदहून."

महालिंगअप्पांची धाकटी बहीण नीलव्वा कर्नाटकातल्या आळंदला दिलेली. सीमेपलीकडं गेली ती मराठीत कानडी कालवून बोलायला लागली: आईला आव्वा, होयला हौदु. गेली काही वर्षं अंथरुणावरून उठत नव्हती. तिचा आवाज माझ्या भोंग्यातून आला तो एवढा मोठा आला, की ती पटांगणात उभी आहे असं वाटलं. मी आवाज कमी करायला हात नेला आणि मागं घेतला.

"अण्णा, मी नीलव्वा. नातीनं बारव दाखवली फोनवर. बोटानं उतरले मी खालपत्तूर. गुडघा दुखला न्हाय." मग खोकला. "बुजवतूस म्हणं. हौदु, बुजव की. बाजार पायजे लोकांना. पर आमची कळशी हाय तिच्यात. आव्वाची, तांब्याची. आधी ती काढून दे, मग बुजव. न्हायतर आव्वा इचारंल मला वर गेल्यावर, मी काय सांगू?"

पडद्यावर तळाची पायरी होती आणि तिच्यापुढं हिरवं पाणी. पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. अप्पा हसले नाहीत. ते पडद्याकडं बघत होते, आणि मग त्यांनी भर सभेत, आळंदला अंथरुणावर पडलेल्या माणसाला उत्तर दिलं.

"तू पाडलीस ती कळशी. मी न्हाय. मार मी खाल्ला." त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "साठ वरसं झाली, अजून कबूल करंना बया."

वर गेलेले हात तसेच होते. खाली करावेत की ठेवावेत हे कुणाला समजत नव्हतं. ग्रामसेवकानं पेन टेकवून विचारलं, "अप्पा, ठराव मंजूर लिहू का तहकूब लिहू?"

अप्पांनी उपरण्यानं चष्मा पुसला.

"पुढचा इषय घ्या," ते म्हणाले.

"पण हात वर..."

"हात खाली घ्या रं. पुढचा इषय घ्या म्हणलं ना."

ग्रामसेवकानं बारवेच्या विषयापुढची जागा कोरीच ठेवली. पुढचा विषय गटारीचा होता. जेसीबीचा ड्रायव्हर उठून चहाला गेला, आणि आम्ही दुपार कलेपर्यंत गटारीवर भांडलो.